‘आपल्यातलाच माणूस’ उभा आहे: कष्टकरी घरातल्या उमेदवाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांची निवडणूक झाली. त्या वेळी प्रत्येक वॉर्डात निदान एकाच्या पत्रकावर ‘गिरणी कामगाराचा मुलगा’, ‘रिक्षावाल्याची लेक’ किंवा ‘चाळीत वाढलेला तुमचा भाऊ’ असं काहीतरी छापलेलं होतंच. तेव्हापासून मतदार जे प्रश्न पाठवत आहेत, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न उभं राहू पाहणाऱ्यांचेही आहेत. कायद्याचं जिथे आलं आहे तिथे महापालिकेपुरतं बोललं आहे. ग्रामपंचायत आणि नगरपरिषदेचे कायदे वेगळे आहेत.

१. कष्टकरी घरातला उमेदवार नेमकं कोणाला म्हणायचं? सगळेच म्हणतात हो.

ज्या घरात महिन्याचा किराणा कोणाच्या तरी अंगमेहनतीवर किंवा रोजंदारीवर भरला जायचा, त्या घरातला. गिरणीतला साचेवाला (म्हणजे मागावरचा कामगार), गोदीतला माथाडी, सोलापूरची विडी वळणारी बाई, मंडईतला हमाल, घरकाम करणाऱ्या मावशी, रिक्षाचालक, पालिकेचा सफाई कामगार, खानावळ चालवणारी आई. शाळेतला किंवा कोर्टातला शिपाईही यात धरावा. पगार बांधलेला असला तरी चार भावंडं आणि गावाकडची मनिऑर्डर यात तो कुठे जायचा, हे त्या घरांना ठाऊक आहे.

वडील ट्रकवर चालक होते आणि वडिलांच्या मालकीचे सहा ट्रक होते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रकावर दोन्ही ‘वाहतूक क्षेत्रात कष्ट करणारं कुटुंब’ होतात, एवढं लक्षात ठेवा.

२. साध्या घरातल्या माणसाला महापालिकेला उभं राहणं परवडतं का?

अर्ज भरणं परवडतं. वय २१ पूर्ण हवं आणि त्या शहराच्या मतदार यादीत नाव हवं. राहता वॉर्ड सोडून दुसऱ्या वॉर्डातूनही उभं राहता येतं. अनामत रक्कम खुल्या जागेला ५,००० रुपये आहे. महिला आणि राखीव प्रवर्गातल्या उमेदवाराला त्याच्या निम्मी. शिक्षणाची अट नाही.

परवडत नाही ते पुढचं. २०२६ च्या निवडणुकीत मुंबई, पुणे, नागपूरसाठी प्रत्येक उमेदवाराची खर्चमर्यादा १५ लाख होती आणि छोट्या ‘ड’ वर्ग महापालिकांसाठी ९ लाख. ही मर्यादा आहे, एवढा खर्च करायलाच हवा असं नाही. पण समोरचा तेवढा (आणि वहीबाहेर त्याहून जास्त) खर्च करत असला की रोज संध्याकाळी कार्यकर्त्यांच्या वडापावाचाही हिशेब करणारा माणूस कुठे पुरणार? त्यात रिक्षावाल्याची वीस दिवस रिक्षा बंद, कामवालीचे वीस दिवस खाडे. हा खर्च निवडणूक खर्चाच्या नमुन्यात कुठेही दिसत नाही. म्हणून असे उमेदवार बहुतेक वेळा पक्षाच्या, युनियनच्या किंवा एखाद्या मोठ्या मंडळाच्या आधारानेच उभे राहतात. त्यात गैर काही नाही. आधार कोणाचा आहे, एवढं मात्र मतदाराने विचारून घ्यावं.

३. शपथपत्रात वडिलांचा धंदा, बालपण, शाळा हे सगळं लिहिलेलं असतं का?

नाही. शपथपत्रात प्रलंबित आणि शिक्षा झालेले गुन्हे, स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची स्थावर-जंगम मालमत्ता, कर्ज आणि थकबाकी, आणि शिक्षण एवढं असतं. ही माहिती मतदाराचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लोकसभा-विधानसभेच्या संदर्भात २००२ आणि २००३ मध्ये ठरवलं. पुढे राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुकांतही शपथपत्र घ्यायला सुरुवात केली.

उमेदवार आज कुठे आहे ते शपथपत्र सांगतं. तो कुठून आला ते त्यात नसतं. त्यासाठी प्रश्न ४.

४. ‘वडील गिरणीत होते’ असं सांगतो. खरं की खोटं, कसं कळणार?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट तारखांची. मुंबईतला गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. आज पस्तिशीतला उमेदवार ‘पहाटेच्या भोंग्याला बाबा डबा घेऊन निघायचे’ असं सांगतो, तेव्हा लोक हसतात आणि मला तसे मेसेज येतात. इतक्या घाईने हसू नका. १९८३ मध्ये केंद्राने मुंबईतल्या १३ आजारी गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. त्यातल्या काही पुढे बरीच वर्षं चालू होत्या, खासगीतल्याही काही होत्या. नव्वदीच्या दशकात वडिलांना गिरणीत जाताना पाहिलेली मुलं या शहरात आहेत.

दुसरी गोष्ट तपशिलाची. गिरणीतल्या घरातल्या माणसाला खातं सांगता येतं: बाप स्पिनिंगला होता की साचेखात्यात, कायम होता की बदली. बदली कामगार रोज गेटवर जायचा. कोणी कायम कामगार आला नाही तर त्याला काम, नाहीतर रिकाम्या हाताने परत. असं घर महिन्याचा हिशेब करूच शकत नव्हतं. ही गोष्ट ज्याने घरात पाहिली आहे तो ती सांगताना ‘संघर्ष’ हा शब्द वापरत नाही. कोणत्या वाण्याकडे उधारी होती ते सांगतो.

तिसरी गोष्ट कागदाची. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे दीड लाखांहून जास्त अर्ज आले आणि त्यासाठी कुटुंबांनी हजेरीचे, पीएफचे, ईएसआयचे जुने कागद शोधून काढले. ज्या घरात खरंच कोणी गिरणीत होतं, तिथे बहुधा हे कागद प्लास्टिकच्या पिशवीत अजून आहेत. ते तुम्हाला दाखवण्याची सक्ती उमेदवारावर नाही. पण कोपरा सभेत ‘कोणती गिरणी, कोणतं खातं?’ एवढं विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

५. अगदी खालून वर आलेले खरे नेते कोण? की सगळ्या भाषणातल्या गोष्टी?

सार्वजनिक नोंदीत असलेली उदाहरणं भरपूर आहेत आणि ती एकाच पक्षाची नाहीत. एकनाथ शिंदे ठाण्यात रिक्षा चालवत होते. १९९७ मध्ये ठाणे महापालिकेत नगरसेवक, २००४ मध्ये आमदार, २०२२ मध्ये मुख्यमंत्री. छगन भुजबळ भायखळ्याच्या बाजारात भाजी विकत. १९७३ मध्ये नगरसेवक झाले, १९८५ मध्ये मुंबईचे महापौर. रायगडातल्या नांदवीच्या गरीब घरातले मनोहर जोशी १९७६ मध्ये महापौर आणि १९९५ मध्ये मुख्यमंत्री झाले. सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या कोर्टात शिपाई होते, मग फौजदार, मग राजकारण. किशोरी पेडणेकर नर्स होत्या. २०२० च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या महापौर असताना त्या परिचारिकेचा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या, ते फोटो अनेकांना आठवत असतील.

यादी आणखी वाढवता येईल. यातल्या बहुतेकांची सुरुवात महापालिकेतून झाली, हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचं. पैसा आणि घराणं नसलेल्या माणसाला आत शिरायला राजकारणात तेवढा एकच दरवाजा उघडा असतो. तो चार वर्षं बंद राहिला, त्याबद्दल प्रश्न ८ पाहा.

६. गरिबीतून आलेला माणूस गरिबांचं काम करणारच ना?

असं काही नाही. गरिबी पाहिलेला माणूस रेशन दुकानाच्या रांगेत उभं राहणं काय असतं ते जाणतो, एवढं नक्की. पण जाणणं आणि दर आठवड्याला रेशनिंग ऑफिसात जाऊन बसणं यात फरक आहे. चाळीतून वर आलेले कितीतरी जण पहिल्या पाच वर्षांत बिल्डरच्या गाडीत बसलेले लोकांनी पाहिले आहेत.

उलटं उदाहरण मृणाल गोरे. त्या कामगाराच्या घरातल्या नव्हत्या. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून त्या सामाजिक कामात आल्या. गोरेगावात घरोघरी फिरल्या, १९६१ मध्ये महापालिकेत निवडून गेल्या आणि वस्त्यांच्या नळासाठी इतक्या भांडल्या की नाव पडलं ‘पाणीवाली बाई’. १९७२ मध्ये महागाईविरुद्ध हातात लाटणी घेतलेल्या बायकांचे मोर्चे निघाले, त्यात त्या आणि कम्युनिस्ट नेत्या अहिल्या रांगणेकर पुढे होत्या. त्यांचा जन्म कोणत्या घरात झाला हे नळावर भांडी घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी विचारलं नव्हतं.

जन्माचा दाखला हा अर्धाच दाखला आहे, असं माझं मत. उरलेला अर्धा प्रश्न ७ मध्ये.

७. ‘समाजकार्यात सक्रिय’ म्हणजे काय धरायचं? गणेश मंडळ, दहीहंडी, वह्यावाटप हे काम नाही का?

काम आहे. मंडळ चालवणं सोपं नाही हे मी आधीच मान्य करतो. वर्गणी, मंडपाची परवानगी, पोलीस ठाणं, विसर्जनाची गर्दी, वर्षाअखेरीचा हिशेब हे सगळं जमवणाऱ्या पोराला माणसं हाताळता येतात. गिरणगावात व्यायामशाळा, वाचनालय, भजनी मंडळ, क्रीडा मंडळ आणि गावकऱ्यांच्या खोल्या (एकाच गावातले पुरुष वर्गणी काढून भाड्याने घेत, त्या) यांतूनच कार्यकर्ते तयार झाले. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेही याच गल्ल्यांत.

मंडळ आहे की नाही यापेक्षा उरलेल्या अकरा महिन्यांत ते काय करतं हे पाहा. काही खुणा सांगतो, त्याही माझ्या अंदाजाच्या.

वह्या वाटल्या, पण पालिकेच्या शाळेतले वर्ग बंद होत होते तेव्हा शाळेच्या गेटवर कोण होतं? आरोग्य शिबिर घेतलं, त्यात मोतीबिंदू निघालेल्या आजीला पुढे केईएमला किंवा सायनला कोण घेऊन गेलं? रक्तदानाच्या बॅनरवर रक्तदात्यांपेक्षा नेत्यांचे फोटो जास्त आहेत का? २००५ च्या २६ जुलैच्या पुरात आणि २०२० च्या टाळेबंदीत हा माणूस कुठे होता? या दोन तारखा वस्तीतल्या बायकांना पक्क्या आठवतात. त्या वेळी जेवणाची पाकिटं कोणी आणली, आणि फोटो काढून कोण गेलं, याची त्यांच्याकडे तोंडी नोंद असते.

आणखी एक खूण, बारकी वाटेल. दुसऱ्याच्या कामासाठी हा माणूस कोणत्या टेबलापर्यंत गेला आहे? वॉर्ड ऑफिसात जन्मदाखला कोणत्या खिडकीवर मिळतो, पाणी खात्याचा ज्युनियर इंजिनिअर कोणत्या वेळी सापडतो, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला कुठे अडतो हे ज्याला न विचारता सांगता येतं, त्याने काम केलेलं असतं. हे पाठांतराने येत नाही.

८. मुंबईत २०२२ पासून २०२६ पर्यंत नगरसेवकच नव्हते. मग माजी नगरसेवकाचं काम कसं मोजायचं?

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि तेव्हापासून प्रशासक होते. पुणे, नाशिक, सोलापूर, नागपूरलाही त्याच महिन्यात प्रशासक आले. नवी मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथे तर २०२० पासूनच. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला.

या काळात माणूस पारखून घेण्याची चांगली संधी मतदाराला मिळाली. पद नाही, निधी नाही, सभागृह नाही. तरीही गटार तुंबल्यावर कोणाला फोन लागत होता? २०१७ चा निवडून आलेला नगरसेवक फोन उचलत होता की ‘आता मी कुठे नगरसेवक आहे’ म्हणत होता? आणि कधीच न निवडलेली एखादी बचत गटाची ताई रोज वॉर्ड ऑफिसात दिसत होती का?

त्याआधीच्या कामासाठी कागद आहेत. सभागृहातली हजेरी आणि विचारलेले प्रश्न यांवरून प्रजा फाउंडेशन ही संस्था मुंबईच्या नगरसेवकांचं प्रगतिपुस्तक काढत असे. ते पाहता येईल. निधी कुठे खर्च झाला हे माहिती अधिकारात विचारता येतं. दहा रुपये शुल्क, उत्तर तीस दिवसांत अपेक्षित. अर्जात ‘सर्व कामांची माहिती द्या’ असं लिहू नका, लटकाल. वर्ष, वॉर्ड आणि कामाचा प्रकार लिहा.

९. ‘कामगारांना घरं मीच मिळवून दिली’ असं तीन-तीन उमेदवार म्हणतात. कोणाचं खरं?

बहुतेक वेळा एकट्याचं कोणाचंच नाही. मुंबईचं घ्या. १९९१ च्या विकास नियमांत बंद गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे होते: पालिकेला, म्हाडाला आणि मालकाला. २००१ च्या बदलानंतर ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली आणि पहिल्या दोघांच्या वाट्याला फार थोडं आलं. प्रकरण कोर्टात गेलं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. त्यानंतरही कामगारांच्या वेगवेगळ्या संघटना मोर्चे काढत राहिल्या, आणि २८ जून २०१२ ला म्हाडाची पहिली मोठी सोडत निघाली, ६,९२५ घरांची. या वाटेवर किती पक्ष, किती संघटना, किती वकील आणि मोर्च्यात चाललेल्या किती म्हाताऱ्या बायका आल्या! बॅनरवर मावतो एकच चेहरा. ‘मीच’ म्हणणाऱ्याला विचारावं, कोणत्या वर्षी, कोणत्या संघटनेतून, कोणत्या टप्प्यावर?

सोलापूरचं उदाहरण मात्र वेगळं आहे. तिथे एका माणसाच्या नावाशी घरांची गोष्ट थेट जोडलेली आहे. नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर. गिरणी कामगाराचा मुलगा, सिटू या डाव्या कामगार संघटनेचे नेते, माकपचे (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे) तीन वेळा आमदार (१९७८, १९९५, २००४). सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक घरांत पुरुष यंत्रमागावर आणि बायका विड्या वळायला, अशी विभागणी. विडी घरातच वळली जाते. तेंदूची पानं भिजवायची, कापायची, सूपात तंबाखू घेऊन दिवसभर बसायचं, आणि संध्याकाळी माल ब्रँचला, म्हणजे कारखानदाराच्या केंद्रावर, द्यायचा. म्हणजे घर हाच कारखाना. दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत तो चालवणं म्हणजे तान्ह्या मुलानेही तंबाखूची धूळ खाणं. त्यामुळे इथे घराची मागणी हीच मजुरीइतकी मोठी मागणी होती. गोदूताई परुळेकरांच्या नावाने महिला विडी कामगारांची सहकारी गृहनिर्माण संस्था काढून कुंभारीला दहा हजार घरं झाली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर. त्यातली पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते. मधे २०१९ मध्ये या प्रकल्पावरून सरकारचं कौतुक केलं म्हणून मास्तरांना त्यांच्याच पक्षाने केंद्रीय समितीतून काही काळ निलंबित केलं होतं. घरासाठी कोणाच्याही दारात जायची तयारी, असा याचा एक अर्थ. पक्षाची शिस्त मोडली, हा दुसरा. दोन्ही म्हणणारे लोक सोलापुरात भेटतात.

१०. एवढं करूनही आडम मास्तर पडतात कसे?

२००९ पासून सोलापूर शहर मध्य या विधानसभा मतदारसंघात ते सलग हरले, २०२४ मध्येही. कारणं शोधायला फार लांब जायला नको. मतदारसंघांच्या फेररचनेत नकाशा बदलला. घर मिळालेलं कुटुंब कुंभारीला गेलं की मतदार म्हणूनही ते शहराबाहेर जातं. ज्याच्यासाठी काम केलं तोच यादीतून जातो, हा घराच्या राजकारणातला जुना विनोद आहे. जात आणि धर्माचं गणित आहेच. शिवाय यंत्रमागावरच्या कामगाराचा मुलगा आता पुण्याला आयटी पार्कात किंवा डिलिव्हरीला असतो. त्याचा युनियनशी संबंध बापाच्या पावतीपुस्तकापुरता.

११. युनियनचा पुढारी चांगला नगरसेवक होतो का?

कधी होतो, कधी नाही. युनियनवाल्याला एका मालकाशी भांडायची सवय असते. वॉर्डात मालक एक नसतो. पाणी खातं, घनकचरा, आरोग्य, इमारत दुरुस्ती मंडळ, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण असे दहा असतात. १९८२ च्या गिरणी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेतही मुंबई दक्षिण मध्यमधून लोकसभेवर गेले, तेही संप हातातून गेलेला असताना. एवढी निष्ठा कामगारांनी दिली. पण ती निष्ठा वॉर्डावॉर्डात मुरली नाही. तिथे नळ आणि नोकरीची चिठ्ठी यांच्या कामाला शिवसेनेची शाखा बसलेली होती.

१२. पालिकेचा सफाई कामगार, बेस्टचा ड्रायव्हर, पालिका शाळेतला शिक्षक उभा राहू शकतो का?

त्याच महापालिकेच्या नोकरीत असताना नाही. पालिकेतलं लाभाचं पद ही थेट अपात्रता आहे आणि बेस्ट हा मुंबई महापालिकेचाच उपक्रम. अर्ज भरण्याआधी राजीनामा देऊन तो मंजूर झालेला हवा. नुसता टेबलावर ठेवलेला चालत नाही. निवृत्तांना अडचण नाही. त्यांची बायको, मुलगा, सून उभे राहू शकतात, आणि राहतातही.

कंत्राटी कामगाराचं प्रकरण जरा नाजूक. तो कागदोपत्री ठेकेदाराचा नोकर असतो. पण पालिकेच्या कंत्राटात ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध’ असणं हीदेखील अपात्रता आहे आणि छाननीच्या वेळी विरोधक तिथेच बोट ठेवतात. वकिलाला नेमणुकीचा कागद आधीच दाखवून घ्या. स्वतः पालिकेचे ठेके घेणाऱ्यांनी मात्र या प्रश्नाचा आडोसा घेऊ नये.

रिक्षा-टॅक्सीचा परवाना, फेरीवाल्याचं प्रमाणपत्र ही नोकरी नव्हे. उभं राहता येतं.

१३. तीन मुलं आहेत. उमेदवारी गेली का?

१२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे संख्या दोनच्या वर गेली असेल तर हो. सगळी मुलं त्याआधीची असतील तर नाही, मग ती पाच का असेनात. आधी एक मूल आणि नंतरच्या एकाच बाळंतपणात जुळं झालं, तर ते जुळं एकच धरतात. तिसरं मूल दत्तक देऊन टाकलं म्हणून पात्रता परत येत नाही. ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे.

या अटीने श्रीमंतांपेक्षा वस्तीतल्या उमेदवारांचे अर्ज जास्त अडतात, असं अनेक कार्यकर्ते सांगतात, आणि मला ते पटतं.

१४. उमेदवार झोपडपट्टीत राहतो. घरच अनधिकृत, मग तो अपात्र नाही का?

झोपडीत राहणं ही अपात्रता नाही. झोपडपट्टीतून निवडून आलेले नगरसेवक मुंबईला नवे नाहीत. कायद्यात आहे ते असं: नगरसेवकाने स्वतः, जोडीदाराने किंवा अवलंबिताने अनधिकृत बांधकाम केलं असेल तर पद जाऊ शकतं. म्हणून जुन्या, संरक्षित झोपडीत भाडेकरू म्हणून वाढलेला मुलगा आणि निवडून आल्यावर तिच्यावर दोन मजले चढवणारा नगरसेवक यांना एका मापात घालता येत नाही. वरच्या मजल्याचा प्रश्न वस्तीत कोणी मोठ्याने विचारत नाही, कारण सगळ्यांचाच थोडा थोडा वर गेलेला असतो. कोर्टात मात्र विचारला जातो.

१५. उमेदवार ताई आहेत, पण बोलतो सगळीकडे नवरा. मग कष्टकरी कोण धरायचं?

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत. पुरुषाचा वॉर्ड राखीव झाला की घरातल्या बाईचं नाव पुढे येतं आणि बॅनरवर नवऱ्याचा फोटो तेवढाच मोठा राहतो. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सुरुवातीला नवऱ्यामागे उभी राहिलेली बाई दुसऱ्या वर्षी प्रभाग समितीत स्वतः इंजिनिअरला झापताना दिसते, असंही होतं. प्रचारात भेटल्यावर प्रश्न ताईंनाच विचारा, आणि नवरा उत्तर देऊ लागला तर ‘दादा, त्यांना बोलू द्या’ एवढं म्हणा. उत्तर काय आलं त्यावर ठरवा. प्रश्न ७ मधल्या खुणा इथेही लागू आहेत.

१६. शपथपत्रात सव्वा कोटीची मालमत्ता आणि तोंडाने ‘गरिबाचा पोर’. खोटारडा म्हणायचा का?

आधी मालमत्ता काय आहे ते वाचा. मुंबईत जन्मभर १६० फुटांच्या खोलीत राहिलेल्या कुटुंबाला पुनर्विकासात फ्लॅट मिळाला की कागदावर ते कोट्यधीश होतात. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे फुटांची घरं मिळाली. त्यातला कोणी उद्या उभा राहिला तर त्याच्या शपथपत्रातला आकडा पाहून तुमचे डोळे फिरतील. घरात मात्र महिन्याला मेंटेनन्सची चिंता.

एकच राहतं घर असेल तर सोडून द्या. दुसऱ्या, तिसऱ्या सदनिकेवर, गावाकडच्या शेतजमिनीच्या खरेदीच्या वर्षांवर आणि जोडीदाराच्या नावावरच्या भागीदारी फर्मवर नजर ठेवा. आणि माजी नगरसेवक असेल तर २०१७ आणि २०२६ ची दोन्ही शपथपत्रं शेजारी ठेवून वाचा. कर्जाचा रकानाही पाहा. तिथे पतपेढीचं कर्ज दिसतं की खासगी विकासकाकडून घेतलेली ‘हातउसनी’ रक्कम, यावरून बरंच कळतं.

१७. खोटं सांगितलं असेल तर तक्रार कुठे करायची?

कुठे खोटं सांगितलं त्यावर अवलंबून. भाषणात बालपण रंगवलं तर त्याला कायदा नाही. तिथे उपाय म्हणजे प्रश्न ४ मधला, भर सभेत विचारण्याचा. शपथपत्रात शिक्षण, गुन्हे किंवा मालमत्ता लपवली असेल तर पुराव्यासह निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या, छाननीच्या आत. नंतर अधिकारी ‘आता कोर्टात जा’ म्हणतात. निकालानंतर निवडणूक याचिकेला मुदत फक्त दहा दिवसांची आहे. लोक गुलाल धुण्यातच चार दिवस घालवतात आणि मग वकील शोधतात.

१८. निवडून आल्यावर दोन वर्षांत चाळ सोडून टॉवरमध्ये राहायला गेला. लोक रागावलेत. यात चूक काय?

राहायला जाण्यात काही नाही. म्हाताऱ्या आईला चार मजले चढवत नव्हते, मुलीच्या अभ्यासाला जागा नव्हती, हे कारण कोणाचंही असू शकतं. आपल्यातलाच माणूस कायम आपल्याइतकाच अडचणीत राहावा ही अपेक्षा थोडी क्रूर आहे. भाड्याने गेला की विकत घेतलं, विकत घेतलं तर कोणाकडून, आणि त्या विकासकाचा प्रस्ताव त्याच सुमारास पालिकेत होता का, हे तीन प्रश्न वेगळे. त्यांची उत्तरं माहिती अधिकारात आणि नोंदणी कार्यालयात मिळतात. मुंबई-पुण्यातल्या घरांचे नोंदवलेले दस्त ऑनलाइन शोधता येतात.

आणि चाळीतलं त्याचं कार्यालय संध्याकाळी सात ते नऊ उघडं असतं का, तेही पाहून या. बंद असेल तर दारावरचा मोबाइल नंबर लावून बघा. तोही उचलला नाही, तर वॉर्ड ऑफिसात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्या. पुढच्या निवडणुकीत तो दाराशी आला की दाखवायला उपयोगी पडतो.